३–३ वर थांबलेली फायनल

पार्श्वभूमी

मध्य स्कॉटलंडमधल्या एका गावात दर पंधरवड्याला चर्चच्या हॉलमध्ये म्हातारी मंडळी फुटबॉलच्या गप्पा मारायला जमतात. काहींना डिमेन्शिया आहे, काहींना नाही, काहीजण घर खायला उठतं म्हणून येतात. चहा, बिस्किटं, जुने फोटो, मॅचच्या दिवशी विकायला येणाऱ्या छापील पुस्तिका, एखाददुसरा मफलर, एवढंच भांडवल. असे गट स्कॉटलंडभर आहेत. ‘अल्झायमर स्कॉटलंड’ ही संस्था आणि हॅम्पडन स्टेडियममधलं स्कॉटिश फुटबॉल म्युझियम यांच्या ‘फुटबॉल मेमरीज’ उपक्रमामुळे ही पद्धत रुळली. इथे ज्या गटाची हकिगत आहे तो मात्र गावातल्याच स्वयंसेवकांचा, स्वतंत्र. मी तिथे चहा आणि टिपणं सांभाळते.

गप्पांची गाडी कुठूनही निघाली तरी स्कॉटिश कपच्या फायनलवर येऊन थांबते. ही स्पर्धा १८७३-७४ पासून चालत आलेली. १९३७ च्या सेल्टिक–अ‍ॅबरडीन फायनलला हॅम्पडनवर १ लाख ४६ हजारांहून जास्त माणूस होता, आणि इथल्या निम्म्या लोकांचे वडील किंवा काका ‘त्या गर्दीत होते’. सगळेच खरोखर होते का, हे कुणी विचारत नाही. लीग महिनोन्महिने चालते. कपची फायनल म्हणजे एक दुपार, आणि तिच्याभोवती सगळं चिकटलेलं असतं : कोण बरोबर होतं, कुठे जेवलो, कोणाशी भांडलो. कोल्हापूरच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच झाली की हरलेल्या बाजूचा माणूस ती जिंकलेल्यापेक्षा जास्त बारकाव्यांनी सांगतो.

या प्रकरणात दोन माणसं आहेत. ओळख झाकण्यासाठी त्यांना डंडीकर आणि मदरवेलकर म्हणू. काही किरकोळ तपशीलही बदलले आहेत. डंडीकर सत्तरीच्या शेवटाकडे आलेले, आयुष्यभर डंडीत बस चालवलेली, बायको गेल्यावर मुलीजवळ राहायला आले. डिमेन्शियाचं निदान होऊन काही वर्षं झाली होती. मदरवेलकर त्यांच्याहून थोडे लहान, मदरवेल गावातल्या रेवन्सक्रेगच्या पोलाद कारखान्यातून बाहेर पडलेले, स्मरणशक्ती लखलखीत. ते एकटे राहतात म्हणून यायचे.

तो सामना

दोघांच्या मधे जी फायनल आली ती १८ मे १९९१ ची, मदरवेल विरुद्ध डंडी युनायटेड. तिला आजही ‘फॅमिली फायनल’ म्हणतात, कारण दोन्ही संघांचे मॅनेजर सख्खे भाऊ होते : मदरवेलचा टॉमी मॅक्लीन आणि युनायटेडचा जिम मॅक्लीन. त्याच आठवड्यात त्यांचे वडील वारले होते.

इयन फर्ग्युसनने मदरवेलचा पहिला गोल केला. मध्यंतरानंतर डेव्ह बोमनने बरोबरी साधली. मग १९ वर्षांच्या फिल ओडॉनेलने झेप घेऊन हेडर मारला आणि इयन अँगसने तिसरा गोल केला, ३–१. जॉन ओनीलने एक फेडला. मदरवेलचा गोलकीपर अ‍ॅली मॅक्सवेल धडकेत जबर जखमी झाला होता. बरगड्या मोडल्याचं नंतर कळलं, पण तो खेळत राहिला. अगदी शेवटच्या मिनिटाला युनायटेडचा गोलकीपर अ‍ॅलन मेन याने चेंडूला लांब किक मारली, डॅरन जॅक्सनने तो डोक्याने मॅक्सवेलवरून आत घातला आणि ३–३ झालं. जादा वेळ सुरू होऊन चारेक मिनिटं होतात न होतात तोच बदली खेळाडू स्टीव्ह कर्कने कॉर्नरवर हेडर मारला. मदरवेल ४, युनायटेड ३.

मदरवेलने याआधी कप जिंकला होता तो १९५२ साली. युनायटेडची ही हरलेली सहावी फायनल : १९७४, ८१, ८५, ८७, ८८ आणि आता ९१. त्यांनी लीग कप दोनदा जिंकला होता, पण दोन्ही वेळा डंडीतच, डेन्स पार्कवर. हॅम्पडन त्यांना लाभत नाही अशी गावभर ख्याती झाली होती.

अडचण

डंडीकर आले त्या दिवशी गटप्रमुखांनी नेहमीप्रमाणे प्रश्नमंजूषा ठेवली होती. १९९१ चा कप कोणी जिंकला? डंडीकरांनी हात वर केला आणि म्हणाले, ‘आम्ही!’ मग त्यांनी जॅक्सनचा गोल सांगितला आणि काय सुंदर सांगितला! मेनची किक, चेंडूचा टप्पा, मॅक्सवेलचं पुढे येणं, आणि मग पाठीमागचा कुणी अनोळखी माणूस त्यांच्या गळ्यात पडून रडला ते. गोष्ट तिथे संपली. जादा वेळ त्यांच्या गोष्टीत नव्हताच.

मदरवेलकर सरळ माणूस. ते म्हणाले, ‘४–३. कर्क.’

डंडीकर उठून उभे राहिले, टेबलावर हात आपटला आणि मदरवेलकरांना भलत्याच नावाने हाक मारून म्हणाले, ‘तू गप्प बस! तुझं नेहमीचंच आहे!’ चहा सांडला. मुलगी बाहेर गाडीत होती, तिला बोलवावं लागलं.

पुढच्या दोन बैठकांत हेच थोड्याफार फरकाने झालं. त्यात आणखी एक गुंता होता. मधेच ते म्हणायचे, ‘फर्ग्युसनने घात केला, शेवटी शेवटी.’ ९१ चा फर्ग्युसनचा गोल तर पूर्वार्धातला, पहिलाच. स्वयंसेवकांनी वहीत लिहिलं : ‘तपशिलात गोंधळ वाढतो आहे.’ आजार पुढे सरकल्याची ही खूण, असं गृहीत धरलं गेलं.

दुसऱ्या बाजूने गटातली इतर मंडळी कुरकुरू लागली. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची स्मृती शाबूत होती. एका आजीबाईंनी स्पष्टच विचारलं, ‘आम्ही इथे खोटं ऐकायला येतो का?’ प्रश्न रोखठोक होता आणि गटाकडे त्याचं तयार उत्तर नव्हतं.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय सगळ्यात सोपा : दोघांना वेगवेगळ्या टेबलांवर बसवायचं. तो लगेच अमलात आला. भांडण थांबलं आणि दोघेही गप्प झाले. डंडीकर खिडकीबाहेर बघत बसायचे. मदरवेलकरांनी एका बैठकीला दांडी मारली.

दुसरा पर्याय एका उत्साही स्वयंसेवकाने सुचवला : ९१ बाजूला ठेवा, त्यांना ९४ द्या. २१ मे १९९४ ला युनायटेडने रेंजर्सला १–० हरवून एकदाचा स्कॉटिश कप जिंकला होता, तोही हॅम्पडनवरच. रेंजर्स तेव्हा सलग दुसऱ्या वर्षी तिन्ही देशी स्पर्धा जिंकायला निघाले होते, त्यामुळे डंडीत तो दिवस सणासारखा झाला. मग हरलेली फायनल उगाळण्यापेक्षा जिंकलेली का नको? डंडीकरांसमोर मॅनेजर इवान गोलाचच्या संघाचे, कपाचे, नारिंगी जर्सीतल्या मिरवणुकीचे फोटो ठेवले. त्यांनी सभ्यपणे बघितले, ‘छान छान’ म्हणाले आणि परत दिले. लग्नाला न गेलेल्या माणसाला अल्बम दाखवावा तसं झालं. याचं कारण पुढे कळलं.

तिसऱ्या पर्यायावर सगळ्यात जास्त वाद झाला : मॅचचं चित्रीकरण दाखवणं. मुलीचं म्हणणं, पूर्ण दाखवा, बाबांना एकदा खरं कळू दे. एका अनुभवी स्वयंसेविकेचं म्हणणं, कळेल, दुखेल आणि पुढच्या वेळेपर्यंत विसरेल. मग पुन्हा दाखवणार का? दर पंधरवड्याला त्या माणसाला नव्याने हरवायचं का? मग मधला मार्ग निघाला : नव्वदाव्या मिनिटाला, जॅक्सनच्या गोलनंतर, टीव्ही बंद करायचा. मला तो पर्याय तेव्हाही पटला नाही. त्यात त्यांची चूक आपण स्वतःच्या हाताने पक्की करतो, आणि शेजारी मदरवेलकर बसलेले असताना हे करणं म्हणजे त्यांचा कप काढून घेणं. कर्कचा गोल कापून टाकलेली फायनल मदरवेलच्या माणसाला कुठल्या तोंडाने दाखवायची?

चौथा पर्याय, म्हणजे डंडीकरांना येऊ नका असं सांगणं, कुणी उच्चारला नाही. मनात मात्र दोघातिघांच्या होता.

काय केलं

वळण आलं ते मुलीशी निवांत बोलल्यावर. तोवर तिच्याशी बोलणं म्हणजे दारात ‘आज कसे आहेत?’ एवढंच. या वेळी तिला बसवलं आणि मॅचबद्दल काहीच न विचारता त्या दिवसाबद्दल विचारलं. बाबा कोणाबरोबर गेले होते?

ती म्हणाली, मामाबरोबर.

डंडीकरांची बायको लॅनार्कशरची. तिचा भाऊ, म्हणजे डंडीकरांचा मेहुणा, मदरवेलात जन्मलेला, लग्न होऊन डंडीत स्थायिक झालेला, त्यांच्याच गल्लीत राहणारा आणि मरेपर्यंत मदरवेलचा. ९१ च्या फायनलला दोघे एकाच गाडीतून ग्लासगोला गेले, स्टेडियमबाहेर वेगळे झाले, दोन टोकांना उभे राहिले आणि परत एकाच गाडीतून आले. मेहुणा जाऊन बरीच वर्षं झाली. डंडीकर मदरवेलकरांना ज्या नावाने हाक मारत होते ते नाव त्याचं.

‘तुझं नेहमीचंच आहे’ याचा अर्थ तेव्हा लागला. डंडीकर गटातल्या माणसावर चिडत नव्हते, ते मेहुण्याशी भांडत होते, आणि ते भांडण त्यांच्या घरात वर्षानुवर्षं चाललेलं होतं.

फर्ग्युसनचा गुंता एका जुन्या जाणकार स्वयंसेवकाने सोडवला. स्कॉटलंडमध्ये त्या काळात या नावाचे दोन खेळाडू होते. १९८७ च्या फायनलमध्ये सेंट मिरनच्या इयन फर्ग्युसनने जादा वेळेत एकमेव गोल करून युनायटेडला हरवलं. ९१ मध्ये मदरवेलकडून गोल करणारा इयन फर्ग्युसन वेगळा, आणि गंमत म्हणजे ८७ ला तो युनायटेडकडूनच खेळत होता! म्हणजे ‘फर्ग्युसनने घात केला, शेवटी शेवटी’ हे ८७ बद्दल शब्दशः खरं होतं. आणि आपलाच जुना खेळाडू उलटला, ही ९१ ची सलही खरीच. डंडीकर दोन फायनल एकावर एक ठेवून बोलत होते. वहीतली ‘गोंधळ वाढतो आहे’ ही नोंद खोडली. तपशील पाठ असलेला माणूस गटात असावा तो यासाठी. त्याने बोलणाऱ्याची चूक काढायची नसते, बोलणारा आत्ता कुठल्या सालात उभा आहे ते इतरांना सांगायचं असतं.

मग तीन गोष्टी ठरल्या. प्रश्नमंजूषा बंद, निदान त्या टेबलावर. चित्रीकरण नाही, फक्त सुटे फोटो, स्कोअर न छापलेले, आणि ते कोणत्या क्रमाने उचलायचे हे डंडीकर ठरवतील. आणि दोघांना पुन्हा शेजारी बसवायचं.

तिसरी गोष्ट मदरवेलकरांच्या राजीखुशीवर होती. गटप्रमुख त्यांच्या घरी गेले आणि मेहुण्याची गोष्ट, मुलीच्या परवानगीने, त्यांना सांगितली. मदरवेलकर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘म्हणजे मी त्याचा मेहुणा व्हायचं?’ हा खरा पेच होता. कुणी म्हणालं, व्हा की, बिघडलं कुठे! मदरवेलकरांनी नकार दिला. मेलेल्या माणसाचं सोंग ते घेणार नव्हते. शेवटी त्यांनीच वाक्य शोधलं : ‘मी तो नव्हे. पण त्या दिवशी मीही त्याच टोकाला उभा होतो.’ पुन्हा त्या नावाने हाक आली तर एवढंच म्हणायचं, आणि स्कोअर आपणहून काढायचा नाही. कुणी थेट विचारलंच तर खरं सांगायचं. आजीबाईंनाही हे पटलं.

काय निष्पन्न झालं

पहिल्या बैठकीत डंडीकरांनी जॅक्सनचा फोटो उचलला आणि गोष्ट नेहमीसारखी सांगितली. ३–३. अनोळखी माणूस गळ्यात पडला. पूर्णविराम. मदरवेलकरांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, ‘मग घरी कसे गेलात?’

हा प्रश्न कुणी शिकवला नव्हता.

डंडीकर म्हणाले, ‘त्याच्या गाडीतून. तोच चालवत होता. पर्थ येईपर्यंत शब्द काढला नाही. रेडिओसुद्धा लावला नाही. जिंकलेला माणूस तो, पण तोंड माझ्यासारखं करून बसला होता.’ मग हसले. ‘पर्थला चिप्स घेतल्या. पैसे त्याने दिले. म्हणाला, आज मीच द्यायला पाहिजे.’

जिंकलेला माणूस तो. म्हणजे निकाल त्यांना माहीत होता, बहुधा सुरुवातीपासूनच. स्टेडियममधल्या गोष्टीत तो मावत नव्हता, गाडीतल्या गोष्टीत मावत होता. आम्ही सगळे पहिल्या गोष्टीशी झटत बसलो होतो.

ही गोष्ट इथे गोड करून संपवता येईल, पण तसं झालं नाही. त्यानंतरच्याच एका बैठकीत डंडीकर पुन्हा म्हणाले की आम्ही जिंकलो. फरक इतकाच की टेबलावर हात आपटला गेला नाही, आणि ‘घरी कसे गेलात?’ विचारलं की गाडी बहुतेक वेळा पर्थला पोचायची. कधीकधी नाही पोचायची.

फोटोंनी एकदा दगाही दिला. ढिगात फिल ओडॉनेलच्या हेडरचा फोटो होता. ओडॉनेल पुढे मदरवेलचा कर्णधार झाला आणि २९ डिसेंबर २००७ ला त्यांच्याच फर पार्क मैदानावर, मॅच चालू असताना कोसळून गेला. समोरचा संघ होता डंडी युनायटेड. मदरवेलकर त्या दिवशी मैदानात होते. त्यांनी तो फोटो पालथा ठेवला. डंडीकरांनी उलटा केला. त्यांनी परत पालथा ठेवला. हे चारपाच वेळा झालं तेव्हा स्वयंसेविकेने ढीगच उचलला. कुणी काही बोललं नाही आणि बैठक लवकर संपवावी लागली.

९४ चं कोडं मात्र फोटोनेच सोडवलं, तेही अपघाताने. मदरवेलकरांनी मॅक्सवेलचा फोटो दाखवत सहज म्हटलं, ‘हाच पुढे रेंजर्सला गेला की!’ खरंच, ९४ च्या फायनलमध्ये रेंजर्सच्या गोलमध्ये अ‍ॅली मॅक्सवेलच होता. मागे आलेला पास त्याला नव्या नियमामुळे हातात घेता येईना, त्याने मारलेला चेंडू ख्रिश्चन डेलीवर आदळला, डेलीचा फटका खांबाला लागला आणि परत आलेला चेंडू क्रेग ब्रूस्टरने आत सारला. डंडीकर खुर्चीत सावरून बसले. ‘मी नव्हतो गेलो,’ म्हणाले. ‘मी गेलो की हरतात. पनवती. म्हणून घरीच बसलो.’

मुलीला संध्याकाळी विचारलं तर ती हसत सुटली. सगळी गल्ली हॅम्पडनला गेली होती, आणि बाबा मुद्दाम बागेत खुरपत होते, टीव्हीसुद्धा लावला नव्हता. मदरवेलचे मामा दर दहा मिनिटांनी कुंपणावरून स्कोअर ओरडून सांगत होते. मिरवणुकीचे फोटो बघून डंडीकरांनी ‘छान छान’ का म्हटलं, ते आता कळलं. ज्यात आपण नव्हतो ती आठवण त्यांना आम्ही देऊ करत होतो.

वेगळं काय करता आलं असतं

मुलीशी सविस्तर बोलणं पहिल्या आठवड्यात व्हायला हवं होतं. नाव, आवडता संघ, औषधं, एवढीच माहिती घेतली जायची. त्यातला ‘आवडता संघ’ हा रकाना तर फसवाच, कारण डंडीकरांच्या आठवणीत समोरचा संघही तितकाच महत्त्वाचा होता. वेगळं बसवण्याचा निर्णयही घाईचा. भांडण थांबवणं एवढंच ध्येय असेल तर तो बरोबर होता, पण गटाचं ध्येय ते नव्हतं.

माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव मदरवेलकरांच्या बाबतीत राहिली. त्यांच्या डोक्यात डिमेन्शिया नाही म्हणून त्यांना मदतनीस समजून वापरलं गेलं. १९९१ मध्येच रेवन्सक्रेगची स्ट्रिप मिल, म्हणजे पोलादाचे पत्रे लाटणारा विभाग, बंद पडली आणि जून १९९२ मध्ये अख्खा कारखाना. ज्या वर्षी गावाने कप आणला त्याच वर्षी गावाची भाकरी जायला सुरुवात झाली. त्यांनी ती फायनल कोणाबरोबर पाहिली, त्या टोकाला शेजारी कोण उभं होतं, त्यातलं आज कोण आहे, हे आम्ही त्यांना विचारलं ते सगळं सुरळीत झाल्यावर, आणि तेही ओडॉनेलच्या फोटोने विचारायला लावलं म्हणून. फोटोंची आधी छाननी करायची असते हे ठाऊक होतं. पण ती छाननी फक्त डंडीकरांच्या बाजूने झाली होती.

चित्रीकरण दाखवलं असतं तर काय झालं असतं, यावर गटात अजून दोन मतं आहेत. मुलीला वाटतं की बाबांनी कर्कचा गोल पाहून शांतपणे मान हलवली असती. असेलही. तिने एकदा घरी लावून बघितलं, पण मध्यंतराच्या आधीच त्यांना झोप लागली.

नव्या माणसाच्या माहितीपत्रकात आता तीन प्रश्न वाढवले आहेत : मॅचला कोणाबरोबर जायचात, परत कसे यायचात, आणि कोणत्या मॅचला मुद्दाम गेला नाहीत. तिसऱ्या प्रश्नाला गेल्या वेळी एका आजोबांनी जी उत्तरं दिली, ती लिहायला पानाची मागची बाजू लागली. हे आजोबा हिब्सवाले, म्हणजे एडिंबरोच्या हिबर्नियन क्लबचे. त्यांच्या संघाने १९०२ नंतर थेट २०१६ साली कप जिंकला, तेव्हा न जाण्याची सवय त्यांना चांगलीच जडलेली होती. शेवटच्या मिनिटांत डेव्हिड ग्रेने गोल केला त्या वेळी ते बायकोबरोबर फर्निचरच्या दुकानात होते आणि सोफा पसंत पडत नव्हता. त्यांना कोणाशेजारी बसवायचं ते अजून ठरायचंय.